मंडईत बसून जेवायचे आहे: सोलापुरात आईला कोठे, केव्हा आणि काय खाऊ घालावे?

माहेरवाट यांचा प्रश्न

नमस्कार. मी गेली बावीस वर्षे नागपुरात राहते, परंतु माझ्या आईचे माहेर सोलापूरचे आहे. तिचे वडील जुन्या गिरणीत कामाला होते. पगाराच्या दिवशी ते तिला मंडईत घेऊन जात आणि भाजी घेऊन झाल्यावर एका दगडी ओट्यावर बसून दोघे भाकरी आणि शेंगांची चटणी खात, ही तिची फार जुनी आणि फार स्पष्ट आठवण आहे. येत्या जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी आम्ही चार दिवस सोलापुरात असू. आईने एकच गोष्ट मागितली आहे: हॉटेलात नको, एक वेळचे जेवण मंडईत बसून करायचे.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिला सौम्य मधुमेह आहे, दाढा फारशा उरलेल्या नाहीत आणि गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या लग्नाला आम्ही आलो असताना रस्त्यावरील एका गाडीवर भजी आणि बर्फ घातलेले सरबत घेतले होते, त्यानंतर ती तीन दिवस अंथरुणाला खिळून होती, म्हणून मनात भीती आहे. तरीही तिची इच्छा मोडावी असे वाटत नाही. लक्ष्मी मंडई, मंगळवार बाजार आणि गड्डा (यात्रेनिमित्त भरणारी जत्रा) यांपैकी कोठे जावे, दिवसाच्या कोणत्या वेळी जावे आणि चांगली गाडी कशी ओळखावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. आम्ही शाकाहारी आहोत.

मालदांडी यांचे उत्तर

माहेरवाटताई, मी निवृत्त शिक्षक असून लक्ष्मी मंडईपासून पायी जाण्याच्या अंतरावर राहतो आणि आठवड्यातून दोनदा तरी भाजीसाठी तेथे जातो. सर्वप्रथम एक अपेक्षा मनातून काढून टाकावी, ती अशी की मंडईत खाण्याचा एखादा वेगळा, छताखालचा विभाग असेल. आपल्याकडे खाणे हे भाजीच्या पाट्यांच्या आणि गाळ्यांच्या कडेकडेने पसरलेले असते. तेव्हा एकच जागा हेरून येण्यापेक्षा तासभर हाती ठेवून यावे, एक फेरी मारावी, आणि भाजीवाल्या बाया स्वतः कोणाकडून खातात ते पाहून तेथे थांबावे. दिवसभर मंडईतच बसणाऱ्या बाईला वाईट अन्न खाऊन चालत नाही. दुसऱ्या दिवशी तिला पहाटे पुन्हा पाटी मांडायची असते.

वेळेबद्दल मी आग्रहाने सांगेन. भाकरीसाठी सकाळी अकरा ते दुपारी एक हीच वेळ योग्य आहे. पहाटेची गडबड ओसरलेली असते, विक्रेते आणि हमाल स्वतः जेवायला बसतात आणि तव्यावरची भाकरी थेट हातात पडते. दुपारी तीननंतर टोपलीत उरलेली भाकरी वातड होते, आणि आपल्या आईंच्या दातांचा विचार करता ती टाळावी.

भाकरी चांगली आहे की नाही, हे चव घेण्याआधी कळते. थापताना तिची कड पाहावी. पीठ दळून फार दिवस झाले असतील तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही मळले तरी भाकरीच्या कडा चिरतात, ती परातीतून उचलताना तुटते आणि तव्यावर फुगत नाही. ताज्या पिठाची मालदांडी ज्वारीची भाकरी मात्र टम्म फुगते आणि तिचा पापुद्रा बोटांनी वेगळा होतो. आपल्या जिल्ह्यातील ही ज्वारी रब्बीची आहे. पावसाळ्याच्या शेवटी काळ्या जमिनीत पेरतात, जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आपण जानेवारीत येत असल्यामुळे भाकरी मागच्या हंगामातील धान्याची असेल, पण त्याच दिवसांत शेतात हुरडा असतो, आणि बाजारात कोवळी कणसे दिसली तर ती आईंसाठी अवश्य घ्यावीत. कोवळा, गरम हुरडा दाढा नसलेल्या माणसालाही चावता येतो.

भाकरीसोबत केवळ चटणी न घेता गरगट्टा मिळतो का ते विचारावे. पालक, चुका अशा पालेभाज्या डाळीबरोबर शिजवून, घोटून केलेले हे कालवण मऊ असते आणि पोटाला हलके पडते. बार्शी-करमाळ्याकडची बाजार आमटीही कोठे मिळाली तर चाखावी, मात्र तिखट बेताचे सोसणाऱ्यांनी आधी एक चमचाच घ्यावा. अनेक डाळी एकत्र शिजवून त्यांत काळे तिखट घालून ती पातळ करतात आणि भाकरी कुस्करून तिच्यात भिजवतात. आठवडे बाजाराच्या गावी आलेल्या लोकांचे हे जेवण, म्हणूनच तिचे नाव तसे पडले.

हातमाग यांचे उत्तर

मालदांडी सरांनी लिहिलेले सर्व मान्य आहे, परंतु सोलापूरचा बाजार म्हणजे भाकरी-चटणी एवढेच, असा समज बाहेरगावच्या वाचकांचा होऊ नये म्हणून लिहितो. माझे घर पूर्व भागात आहे आणि आमच्या घरात तेलुगू बोलली जाते. आमचे पूर्वज तेलंगणातून विणकामासाठी येथे आले. ज्या शहरात एका गल्लीत भाव तेलुगूत ठरतो, पुढच्या वळणावर कन्नडमध्ये घासाघीस होते आणि पैसे मराठीत मोजले जातात, त्या शहरातील खाणेही तीन तोंडांनी बोलते. ज्या कडक भाकरीला आपण सोलापूरची म्हणतो, तिलाच कन्नड घरांत खटक रोट्टी म्हणतात. ती आमची की त्यांची, हा प्रश्न येथे कोणी विचारत नाही.

आपल्या आईंसाठी माझे सुचवणे असे आहे की एका सकाळी साडेसात-आठच्या सुमारास पूर्व भागातील एखाद्या इडलीच्या गाडीवर जावे. यंत्रमागावर जाणारे कामगार त्या वेळी तेथे उभे असतात. इडली वाफेवर शिजते, डोळ्यांसमोर भांड्यातून निघते, तिला दातांची गरज नसते आणि तेलाचा प्रश्नही उरत नाही. सोबतची शेंगदाण्याची पातळ चटणी मात्र त्याच सकाळी वाटलेली आहे ना, हे विचारावे, कारण पाणी घातलेली चटणी दुपारपर्यंत आंबते. मधुमेह आहे म्हणून दोन इडल्यांवर थांबावे, असे मी माझ्या वडिलांनाही सांगतो.

आपण संक्रांतीच्या दिवसांत येत आहात, हे आणखी चांगले. त्या आठवड्यात आमच्या घरांत सकिनालु करतात. तांदळाच्या पिठात तीळ आणि ओवा घालून, बोटांनी वेटोळे वळून ती तळतात. एखाद्या घरी बोलावणे आले तर नाही म्हणू नये. त्याच दिवसांत भोगीला मराठी आणि कन्नड घरांत तीळ लावलेली भाकरी आणि मिश्र भाजी असते. ती बाजारातील गाडीवर शोधण्यापेक्षा नातेवाइकांकडे खावी, असे माझे मत आहे, कारण सणाची भाकरी घरच्या तव्यावरचीच चांगली लागते.

विजापूर वेशीकडे संध्याकाळी शीक भाजण्याच्या शेगड्या पेटतात. आपण शाकाहारी असल्याने त्याविषयी अधिक लिहीत नाही, एवढेच नमूद करतो की सोलापूरच्या बाजारातील खाण्याची गोष्ट त्या शेगड्यांवाचून पूर्ण होत नाही.

पाणपोई यांचे उत्तर

मी काही वर्षे अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे. आपल्या आईंना मागच्या वेळी जो त्रास झाला, त्याबद्दल वाईट वाटले. आपण भजी आणि सरबत अशी दोन नावे लिहिली आहेत. नक्की कारण आता कळणे शक्य नाही, पण अंदाज बांधायचा झाला तर माझा संशय भज्यांवर कमी आणि बर्फावर अधिक आहे. उकळत्या तेलातून नुकत्याच निघालेल्या पदार्थात रोगजंतू सहसा टिकत नाहीत, बर्फात मात्र ते जिवंत राहतात, कारण गोठल्याने ते मरत नाहीत. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेला बर्फ निळ्या रंगाचा असावा असा नियम आहे. निळसर बर्फ दिसला तर तेथून निघावेच, परंतु पांढरा बर्फ दिसला म्हणूनही निश्चिंत होऊ नये, कारण तो कोणत्या पाण्याचा आहे आणि गोणपाटात गुंडाळून कोठून ओढत आणला आहे, हे आपल्याला दिसत नाही. जानेवारीत बर्फाची गरजही नसते.

सोलापूरच्या बाबतीत पाण्याचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवतो. उजनी धरणातून इतक्या दूरवरून येणारे पाणी शहरात रोज सुटत नाही, दिवसांआड मिळणाऱ्या पाण्याची सवय येथील प्रत्येक घराला वर्षानुवर्षे लागलेली आहे. गाडीवाल्याचेही तेच. तो पाणी पिंपात साठवतो, आणि पाणी जेथे साठवले जाते तेथे प्रश्न नळाचा राहत नाही, पिंपाचा होतो. म्हणून गाडीपाशी उभे राहिल्यावर सर्वांत आधी पिंप पाहावे. त्याला झाकण आहे का, तोटी आहे का, की हाताने तांब्या बुडवून पाणी काढतात? तोटी असेल किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढत असतील, तर तो माणूस विचार करून धंदा करतो असे समजावे. बुडवलेल्या तांब्याबरोबर प्रत्येक वेळी बोटेही पाण्यात जातात. ताटल्या एकाच बादलीत विसळल्या जात असतील, तर ताटली न घेणे उत्तम. पिण्याचे पाणी घरून न्यावे, यात विक्रेत्याचा अपमान होत नाही.

तेलाबाबत कायद्याने १ जुलै २०१८ पासून एक मर्यादा घातली आहे: पुनःपुन्हा तापवल्याने तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. ग्राहकाकडे ते मोजण्याचे साधन नसते, डोळे मात्र असतात. पदार्थ बाहेर काढल्यावरही कढईतील फेस बसत नसेल, तेल काकवीसारखे गडद आणि दाट झाले असेल, किंवा आच मंद असूनही धूर निघत असेल, तर पुढे चालावे. भजी वर्तमानपत्राच्या कागदावर देत असतील तर घेऊ नये. छपाईची शाई गरम तेलात उतरते, आणि अन्न वर्तमानपत्रात गुंडाळण्यास पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमांनी मनाई केलेली आहे. घरून एखादा डबा नेला की हा प्रश्न मिटतो.

आता शेंगांच्या चटणीविषयी. ती कोरडी असते, मीठ आणि तिखट भरपूर असते, त्यामुळे तिच्यात जंतूंची वाढ सहसा होत नाही. तिचा धोका वेगळा आहे. शेंगदाण्याला ओल लागली की त्यावर एक बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, जे दाणे भाजल्यानेही पूर्ण नष्ट होत नाही. बुरशी लागलेला दाणा सुरकुतलेला, काळपट आणि पुष्कळदा कडवट असतो. पण लसूण आणि लाल मिरची घालून कुटल्यावर तो कडवटपणा जिभेला कळत नाही. म्हणून चटणी घेण्याआधी त्याच दुकानातले भाजलेले दाणे मूठभर मागून खाऊन पाहावेत. ज्याचे दाणे गोड, त्याची चटणी घ्यावी.

शेवटी नोंदणीविषयी. अन्न सुरक्षा कायद्यानुसार लहान विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते आणि त्याला १४ अंकी क्रमांक मिळतो. गाडीवर तो लावलेला असेल तर चांगले.

भुईकोट यांचे उत्तर

पाणपोई यांचे उत्तर फार उपयुक्त आहे, परंतु त्यातील शेवटच्या मुद्द्याविषयी मला वेगळे मत मांडावयाचे आहे. माझ्या आईने एकोणीस वर्षे बाजाराच्या कडेला चूल मांडून भाकऱ्या विकल्या. त्या भाकऱ्यांवर आम्हां तिघा भावंडांचे शिक्षण झाले. तिच्याकडे कोणताही क्रमांक नव्हता. तिला लिहिता-वाचता येत नव्हते आणि अर्ज कोठे करायचा हे सांगणाराही कोणी नव्हता. मात्र काथवट घासल्याशिवाय तिने कधी पिठाला हात लावला नाही आणि रात्रीची उरलेली भाकरी सकाळी कधी कोणाच्या हातात ठेवली नाही. क्रमांक असणे ही चांगली गोष्ट आहे, पण तो नसणे म्हणजे अन्न घाण आहे असे कोणी समजू नये, एवढीच माझी विनंती आहे.

या मागे एक कारण आहे, ते सांगणे मला आवश्यक वाटते. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा आला. शहरात विक्रेत्यांची पाहणी व्हावी, त्यांना प्रमाणपत्र मिळावे, नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांमधून यावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्यात लिहिले आहे. हा कायदा आला तेव्हा माझी आई थकून घरी बसली होती. तिच्या काळात कोणत्याही सकाळी महापालिकेची गाडी येऊन तवा, परात आणि पिठाचा डबा उचलून नेत असे. ज्या बाईला उद्या आपली जागा राहील की नाही हे ठाऊक नाही, ती झाकणाचे, तोटीचे पिंप विकत घेण्याआधी दहा वेळा विचार करते, कारण तेही उचलले जाईल. स्वच्छता ही विक्रेत्याच्या स्वभावाइतकीच त्याच्या पायाखालच्या जागेवरही अवलंबून असते, हे मी पाहिलेले आहे.

आता माहेरवाटताईंच्या आईंविषयी. ताटलीचा प्रश्न जुन्या लोकांनी सोडवून ठेवलेला आहे. भाकरी डाव्या हातावर घ्यावी, तिच्यावरच झुणका, चटणी, कांदा घ्यावा आणि उजव्या हाताने मोडत खावे. शेवटी ताट म्हणून वापरलेला तुकडाच सर्वांत चविष्ट लागतो, कारण त्यात सगळ्याचे तेल मुरलेले असते. आपले आजोबा आणि आई ओट्यावर बसून बहुधा असेच खात असावेत.

बसण्यासाठी संकोच न करता विचारावे. बहुतेक बायांकडे स्वतःसाठी एक लाकडी पाट किंवा प्लास्टिकचे स्टूल असते आणि वयस्कर माणसाला त्या ते लगेच देतात. बोलताना "मावशी" किंवा "अक्का" म्हणावे. सोलापुरात अक्का हा शब्द मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही घरांत चालतो. "भाकरी आत्ता टाकाल का, आईला मऊ लागते" एवढे म्हटले तर टोपलीतली न देता नवीन गोळा मळून देतील. त्यासाठी दहा मिनिटे थांबावे लागेल, आणि गर्दीच्या वेळी दोन भाकऱ्यांऐवजी चारांचे पैसे दिले तरी ते जास्त होणार नाहीत.

कडक भाकरी आईंनी आवडीने मागितली, तर ती कोरडी चावायला देऊ नये. ती चुरून दह्यात किंवा गरम आमटीत पाच मिनिटे ठेवावी. दही मात्र घरून न्यावे.

जागेबद्दल माझे मत मालदांडी सरांप्रमाणेच लक्ष्मी मंडईच्या बाजूने आहे. मंगळवार बाजाराला गर्दीत धक्के बसतात, गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तो नाही. होम मैदानावरचा गड्डा पाहायला अवश्य न्यावे, पाळणे आणि रोषणाई आईंना आवडेल, पण तेथे खाण्याचा आग्रह धरू नये. बरेचसे विक्रेते तेवढ्या दिवसांपुरते आलेले असतात, धूळ पुष्कळ उडते, आणि मंडईतल्या बाईला जसे उद्या त्याच गिऱ्हाइकाचे तोंड पाहायचे असते तसे तेथे नसते.

माहेरवाट यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री ही सर्व उत्तरे मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. "विरी" हा शब्द ऐकल्यावर तिने मला थांबवले आणि तो पुन्हा वाचायला सांगितला. तिची आई रोज संध्याकाळी पिठाच्या डब्यात बोट घालून हाच शब्द उच्चारत असे, आणि नागपुरात आल्यापासून तो तिच्या कानावर पडला नव्हता. भुईकोट यांच्या मातोश्रींविषयीचा मजकूर ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली की त्या ओट्याजवळ भाकरी देणारी बाई तिला "पोरी, अजून चटणी घे" असे म्हणायची आणि त्या चटणीचे पैसे घेत नसे.

आम्ही असे ठरवले आहे की यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या दिवशी गर्दी असल्यामुळे मंडईत जायचे नाही, यात्रेचे मुख्य दिवस झाल्यावर एका सकाळी पूर्व भागात इडली खायची आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराला लक्ष्मी मंडईत जायचे. पाणी, दही आणि एक घडीचे स्टूल सोबत घेऊ. पाणपोई यांनी सांगितल्याप्रमाणे पिंप मी पाहीन, आईला ते करायला लावणार नाही. तिने फक्त जेवावे.

एकच शंका उरली आहे. नागपूरला नेण्यासाठी आईला दोन किलो चटणी हवी आहे. ती कोणती घ्यावी आणि किती दिवस टिकते?

मालदांडी यांचे उत्तर

कांडपावर कुटलेली घ्यावी, मिक्सरमध्ये फिरवलेली नको. कुटताना दाण्याचे तेल सुटते आणि चटणी बोटांत दाबली की तिचा गोळा होतो, फिरवलेली भुकटीसारखी सुटी राहते. निघण्याच्या आदल्या दिवशी घ्यावी. नुकतीच कुटलेली, कोमट चटणी पिशवीत बांधून घेऊ नये, तिला आत घाम सुटतो. कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्यावी आणि मग स्टीलच्या कोरड्या डब्यात भरावी. कोरडा चमचा वापरला तर महिनाभर सहज राहते, त्यानंतर तेलाला खवट वास येऊ लागतो. म्हणून दोन किलोंऐवजी एकच किलो न्यावी आणि संपत आली की कळवावे. माझा पुतण्या दर दीड-दोन महिन्यांनी कामासाठी नागपूरला येतो, त्याच्याबरोबर ताजी पाठवता येईल.